कोअर वाळायला एक रात

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या खोलीत
नेजकर मॅडमनी पहिल्या दिवशी प्रोजेक्टर बंदच ठेवला.
म्हणाल्या, स्लाइड घरी बघा.
इथं चाळीस पंप-बॉड्या आहेत,
अजून वाळूतसुद्धा नाहीत.
शनिवारी संध्याकाळी त्या टेम्पोत बसवायच्या.

आम्ही सहाजण.
मी डिप्लोमाची, शाई न वाळलेली;
स्टोअरचे ऐनापुरे, डिस्पॅचची तबस्सुम,
आणि तिघं ज्यांना साहेबांनी नुसतं 'जा' म्हटलं होतं.

भिंतीवर खाकी कागद. हातात पिवळ्या चिठ्ठ्या.
एका चिठ्ठीवर एकच काम, शेवटी क्रियापद:
वाळू चाळणे. साचा भरणे. भट्टी लावणे. ओतणे.
'बघून घेऊ' लिहिलेली चिठ्ठी
मॅडमनी न बोलता काढली, पर्समध्ये टाकली.
(अक्षर ऐनापुरेंचं होतं. ते पंख्याकडे बघत होते.)

मग बाण. कशाआधी काय.
"आखाडा उकरल्याबिगर कुस्ती लावतंय का कोण?"
ऐनापुरेच म्हणाले, आणि एकदम सगळ्यांना कळलं.
सर्वांत लांबची वाट लाल खडूनं ओढली.
हिच्यावर एक दिवस घसरला की शनिवार घसरला.
बाकीच्या वाटांना थोडी ढील,
पतंगाला देतो तेवढी.

मंगळवारी कागद सुंदर दिसत होता.
मी फोटो काढून घरी दाखवला.
बाबा चष्मा पुसत म्हणाले, रंग छान आहेत.

बुधवारी साचे तयार, भट्टी लाल,
आणि दारात गजबरचाचा, कोपरापर्यंत ओले.
"वाळू काल सांजच्याला आली.
कोअर आत्ता पहाटं भरल्यात.
रातभर वाळल्याबिगर ओतलं
तर वाफ धरंल, फुटंल की ओ.
तुमच्या कागदावर रात कुठं हाय?"

आम्ही कागदाकडे बघितलं.
रात नव्हती.
सोमवार ते शनिवार, चौकोनाला चौकोन चिकटलेला,
मध्ये काही वाळायला फटच नव्हती.

भट्टी उतरवली. भट्टीवाल्यानं
शिव्यांचा त्याचा हक्क पुरेपूर वापरला.
मॅडमनी एवढंच विचारलं,
चाचांना कुणी विचारलं होतं?
चाचा तर दोन दिवस त्याच भिंतीला टेकून
आमचा कागद धरून उभे होते,
चिकटपट्टी संपली होती म्हणून.

मॅडमनी चिठ्ठी पुढं केली.
चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, थुंकी लावली:
'कोर वाळने १ रात.'
लाल वाटेवर ती अंगठ्यानं दाबून बसवली,
आणि तिच्या उजवीकडची एकेक चिठ्ठी
चर्र करत निघाली,
एकेक घर सरकली.
शेवटची रविवारात जाऊन पडली.

आता गिऱ्हाइकाला फोन. तो माझ्याकडे आला.
"वाईट बातमी बुधवारी सांगितली तर बातमी,
शनिवारी सांगितली तर दगा," मॅडम म्हणाल्या.
हात थरथरत होता, आकडे दोनदा चुकले.
पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला,
शेवटी म्हणाला, बरं, पण रविवारी नक्की.
टेम्पोवाला म्हणाला, रविवारी मेव्हण्याच्या पोराचं बारसं.
तबस्सुमनं त्याला कसं पटवलं ते तिलाच ठाऊक,
पण बारशाला टेम्पोच निघाला, वाटेत बॉड्या उतरवत.

अडतीस गेल्या. दोन फुटक्या निघाल्या,
त्या कशानं, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

सोमवारी कागद उतरवायच्या आधी
शेवटचा रकाना भरायचा होता: काय शिकलो?
ऐनापुरेंनी अर्धं पान लिहिलं.
मी लिहिलं, चिकटपट्टी जास्त आणणे.
मग खोडलं.
चिकटपट्टी असती
तर चाचा भिंतीपाशी आलेच नसते.